फळ्यावरची नावे

बाई वर्गाबाहेर गेल्या, की मॉनिटर खडू घेऊन फळ्याजवळ उभा राहतो. जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. ही पद्धत आपण सर्वांनी विद्यार्थी म्हणून अनुभवली आहे आणि शिक्षक म्हणून वापरलीही आहे. तिने वर्ग काही वेळ शांत राहतो, हे खरे. पण मॉनिटरच्या मित्राचे नाव फळ्यावर क्वचितच येते आणि मधल्या सुट्टीत ज्याच्याशी भांडण झाले त्याचे पहिल्यांदा येते, हेही आपल्याला ठाऊक असते. तीन फुल्यांना शिक्षा असेल, तर काही मुले नेमकी दोन फुल्यांवर थांबतात. एखादा मुलगा शेजाऱ्याला हळूच चिमटा काढतो; शेजारी ओरडतो आणि नाव शेजाऱ्याचे लागते.

गेल्या पंचेचाळीसहून अधिक वर्षांत हाच प्रयोग एका वेगळ्याच ठिकाणी, फार मोठ्या प्रमाणावर झाला. ते ठिकाण म्हणजे संगणकावर अनेकांनी एकाच वेळी खेळायचे खेळ. तेथे हजारो, पुढे लाखो अनोळखी माणसे एकत्र आली. कोणाचा चेहरा दिसत नाही, खरे नाव कळत नाही, पोलीस नाहीत. अशा ठिकाणी माणसे नीट का वागतील? खेळ रचणाऱ्यांनी यावर जे उत्तर शोधले, ते फळ्यावरच्या नावांसारखेच होते: प्रत्येकाच्या वागण्याची नोंद ठेवायची आणि ती सर्वांना दिसेल अशी लावायची. म्हणजेच लौकिक मोजायचा. या उत्तराचा इतिहास आपण पाहू या. आपल्या वर्गातील अनेक मुले आज असे खेळ खेळतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की नावे लिहिण्याची पद्धत कोठे चालते आणि कोठे फसते, हे या इतिहासात फार स्वच्छ दिसते.

मांत्रिक आणि शेरीफ

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी मिळून खेळायचा एक खेळ लिहिला. त्याचे नाव मल्टि-युजर डंजन, म्हणजे अनेकांचे भुयार, थोडक्यात ‘मड’. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. पडद्यावर चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. ‘तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात’ असे वाक्य उमटायचे आणि खेळाडूने पुढची कृती टंकलिखित करायची. पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू ‘मांत्रिक’ होई आणि त्याला इतरांवर काही अधिकार मिळत. कोणी फारच त्रास दिला, तर मांत्रिक त्याला आवर घाली. खेळाडू थोडे होते आणि नेहमीचे खेळाडू एकमेकांना ओळखत. लहान खेड्यात पाटलाच्या शब्दावर काम भागावे, तसे येथे मांत्रिकाच्या शब्दावर भागत असे.

बार्टलने १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: गुण मिळवणारे, शोध घेणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला मारण्यातच आनंद मानणारे. चौथा प्रकार संख्येने थोडा असला तरी बाकीच्यांचा खेळ बिघडवू शकतो, हे त्याच्या लक्षात आले होते.

चित्रे असलेले असे पहिले मोठे जग १९८६ साली अमेरिकेत चाचणीसाठी सुरू झाले. त्याचे नाव हॅबिटॅट. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ते लुकासफिल्म गेम्स या कंपनीसाठी रचले होते. घरातल्या कमोडोर ६४ संगणकाला दूरध्वनीची तार जोडून लोक त्यात शिरत. या जगात चोरी करता येत असे आणि बंदूकही चालवता येत असे. मेलेले पात्र खिसे रिकामे होऊन आपल्या घरी पुन्हा उभे राही. लवकरच प्रश्न उभा राहिला: येथे खून हा गुन्हा मानायचा की खेळाचा भाग? मतदान घेतले, तेव्हा मते जवळपास निम्मी-निम्मी पडली. एका खेळाडूने तेथे पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांनी शस्त्र बाळगायचे नाही आणि चोरी करायची नाही, असा नियम होता. हा खेळाडू प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होता. खेळाडूंनी आपल्यातून एक शेरीफही निवडला. रचनाकारांनी वरून हुकूम सोडण्याऐवजी, लोक स्वतःचे नियम कसे घडवतात, हे पाहण्याचा मार्ग धरला होता.

नवे नाव फुकट

या साऱ्या प्रश्नाला गंभीर वळण मिळाले ते १९९३ साली. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये ‘लॅम्ब्डामू’ नावाचे शब्दांचे जग खुले केले होते. ते एका मोठ्या घरासारखे होते. लोक दिवाणखान्यात जमून गप्पा मारत. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले, की यापुढे मांत्रिक, म्हणजे जगाचे व्यवस्थापक, खेळाडूंच्या आपसांतील भांडणांत पडणार नाहीत.

त्यानंतर तीनच महिन्यांनी एका खेळाडूने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला. ती पात्रे अत्यंत किळसवाणी लैंगिक कृत्ये करत आहेत, अशी वाक्ये त्याने सर्वांच्या पडद्यावर उमटवली. शब्दच ते, असे कोणी म्हणेल. पण ज्युलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात या घटनेवर लेख लिहिला. सिॲटल शहरातील ज्या स्त्रीच्या पात्रावर हा प्रसंग आला होता, तिने त्याला सांगितले, की त्याविषयी लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. पडद्यावरचे पात्र खोटे असले तरी त्याच्यामागे बसलेले माणूस खरे असते, ही गोष्ट त्या लेखाने अनेकांना प्रथमच जाणवून दिली.

लॅम्ब्डामूचे रहिवासी सभेला जमले आणि वाद घालून निर्णयाविना उठले. शेवटी एका मांत्रिकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या खेळाडूचे पात्र कायमचे पुसून टाकले. पुढे कर्टिस यांनी खेळाडूंना अर्ज करून मतदान घडवून आणण्याची सोय करून दिली. पण काही दिवसांतच तोच माणूस नवे नाव आणि नवे पात्र घेऊन परत आला.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. गावात बदनाम झालेल्या माणसाला गाव सोडावे लागते. घर, शेत, नातीगोती मागे टाकावी लागतात. म्हणून अब्रूची भीती काम करते. संगणकावर नवे नाव घ्यायला काहीच लागत नाही. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी २००१ साली हा मुद्दा गणिताने मांडला. नाव बदलणे फुकट असेल, तर बदनाम माणूस नवखा बनून येतो. मग लोक प्रत्येक नवख्याकडे संशयाने पाहू लागतात आणि त्याची किंमत खऱ्या, प्रामाणिक नवख्याला मोजावी लागते. लौकिकाच्या नोंदीला अर्थ यायचा असेल, तर नाव टाकून देताना काहीतरी गमवावे लागले पाहिजे.

ब्रिटानियातील लाल नावे

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ बाजारात आणला. एक लाख वर्गणीदार गाठणारा या प्रकारचा हा पहिला खेळ. ब्रिटानिया नावाच्या काल्पनिक राज्यात खेळाडू शिंपी, लोहार, लाकूडतोडे, योद्धे होऊन राहत. शहरात पहारेकरी होते. शहराबाहेर पडले, की ज्याचे बळ त्याचे राज्य. खाणीतून धातू घेऊन निघालेल्या नवख्याला वाटेत गाठून मारायचे आणि त्याचे सर्व सामान लुटायचे, हा काहींचा नित्याचा उद्योग झाला. कंटाळून खेळ सोडणारे वाढू लागले. कंपनीच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

आरंभी खेळात बऱ्या-वाईट कृत्यांची एक बेरीज ठेवलेली होती. निरपराध्याला मारले की ती घटे आणि दुष्ट राक्षसांना मारले की वाढे. लुटारूंनी लगेच हिशेब जुळवला. माणसे मारायची आणि नंतर राक्षस मारून नाव धुऊन घ्यायचे. नव्वद चांगल्या कृत्यांत दहा खून लपून गेले.

म्हणून १९९८ साली नवी पद्धत आली. निरपराध खेळाडूचे नाव निळे, गुन्हेगाराचे करडे, खुन्याचे लाल. मेलेल्या खेळाडूला विचारले जाई: मारणाऱ्याची खुनी म्हणून तक्रार नोंदवायची का? अशा पाच तक्रारी जमल्या, की नाव लाल. लाल नावाच्या खेळाडूला कोणीही बेलाशक मारावे. शहरात पाऊल ठेवले तर पहारेकरी त्याला तत्काळ ठार करीत. या पद्धतीत दोन सुधारणा होत्या. खुनांचा हिशेब आता वेगळा झाला, सत्कृत्यांनी तो धुतला जात नव्हता. आणि निवाडा यंत्राऐवजी ज्याला त्रास झाला त्याच्या हाती आला.

तरीही पळवाटा निघाल्याच. काही जण चार तक्रारींवर थांबत. खेळात ठरावीक तास घालवले की एक तक्रार वजा होई. म्हणून खुनी खेळाडू संगणक रात्रभर चालू ठेवून स्वतः झोपी जात. काही जण नवख्याला डिवचून पहिला वार त्याच्याकडून करवीत. तो करडा झाला, की त्याला मारणे नियमात बसे. आपल्या वर्गातला चिमटा काढणारा मुलगा तो हाच.

रॅफ कॉस्टर हे या खेळाचे मुख्य रचनाकार होते. खेळाडूंनी स्वतःच समाज घडवून सुव्यवस्था आणावी, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. पण अखेर मे २००० मध्ये कंपनीने जगाचे दोन भाग केले. एका भागात जुने नियम राहिले. दुसऱ्यात दोघांच्या संमतीशिवाय लढाई होऊच शकत नव्हती. बहुसंख्य खेळाडू दुसऱ्या भागात राहायला गेले. रंगांनी जे पूर्णपणे साधले नाही, ते भिंतीने साधले. त्याबरोबर अनोळखी वाटसरूवर विश्वास ठेवावा की नाही, हा त्या खेळातला जिवंत प्रश्नही बराचसा संपला.

कुंपणच शेत खाते तेव्हा

तक्रार करण्याचा अधिकार हेच शस्त्र झाले तर काय होते, याचे उदाहरण ‘द सिम्स ऑनलाइन’ या खेळात मिळाले. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या या खेळात मारामारी नव्हतीच. घरे बांधायची, शेजारी जोडायचे. प्रत्येक खेळाडू दुसऱ्याला मित्र किंवा शत्रू म्हणून खूण करू शके. मित्रांची खूण हिरवी, शत्रूंची लाल. कोणाशी जपून वागावे हे नवख्याला कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. पण काही खेळाडूंनी टोळ्या बनवल्या. ठरवलेल्या माणसाला टोळीतले सारे मिळून शत्रू म्हणून खूण करीत आणि त्याचे नाव लालभडक होई. मग खंडणी सुरू झाली: पैसे द्या, नाहीतर तुमची पत घालवू. हॅबिटॅटचे रचनाकार रँडी फार्मर यांनी ब्राइस ग्लास यांच्यासह २०१० साली लौकिक-पद्धतींवर पुस्तक लिहिले, त्यात ही हकीकत आली आहे. त्यांचा सल्ला असा, की माणसावर वाईटपणाचा उघड शिक्का मारण्याची सोय शक्यतो करूच नये.

टोळ्या नसल्या तरी तक्रारींवर विसंबण्यात एक गणिती अडचण आहे. ती वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. समजा १००० खेळाडू आहेत आणि त्यांतले १० सराईत उपद्रवी आहेत. समजा आपली पद्धत इतकी चांगली आहे, की १० पैकी ९ उपद्रवी पकडले जातात, आणि निरपराध्यांपैकी केवळ शेकडा ५ चुकून अडकतात. निरपराधी ९९०, त्यांचे शेकडा ५ म्हणजे सुमारे ५०. एकूण शिक्का बसलेले झाले ५९, आणि त्यांतले खरे दोषी फक्त ९, म्हणजे शेकडा १५. हे आकडे कल्पित आहेत, पण तत्त्व खरे आहे. गुन्हेगार विरळ असतात, तेव्हा चांगली वाटणारी पद्धतसुद्धा चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ शकते. विद्यार्थ्यांना आकडे बदलून पाहायला सांगावे. उपद्रवी १० ऐवजी २०० धरले, तर उत्तर किती बदलते ते पाहून त्यांना आश्चर्य वाटेल.

खेळाडूंचे न्यायालय

मोजमापाचा सर्वांत मोठा प्रयोग ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात झाला. रायट गेम्स या अमेरिकी कंपनीने तो ऑक्टोबर २००९ मध्ये आणला. पाच-पाच जणांचे दोन संघ. एकाची चूक झाली तर पाचही जण हरतात. त्यामुळे शिवीगाळ फार. २०११ साली कंपनीने खेळाडूंचे न्यायालय सुरू केले. ज्याच्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी येत, त्याचे सामन्यातले बोलणे इतर खेळाडूंपुढे ठेवले जाई आणि त्यांनी ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ असे मत द्यायचे. आरंभी बहुमताच्या बाजूने मत देणाऱ्याला खेळातले थोडे गुण बक्षीस मिळत. परिणाम ओळखणे कठीण नाही. काही जण प्रकरण न वाचताच ‘शिक्षा’चे बटण दाबू लागले. पुढे बक्षीस काढून टाकावे लागले. या न्यायालयाचा पसारा एवढा होता, की २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ कोटी तक्रारी आणि १४ लाखांहून अधिक आरोपी खेळाडू तपासले गेले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये उलट बाजूही जोडली गेली: चांगले वागणाऱ्याला शाबासकी देण्याची सोय. मदत करणारा, मैत्रीने वागणारा, संघभावना दाखवणारा, आणि हरतानाही सभ्य राहिलेला प्रतिस्पर्धी, असे तिचे चार प्रकार होते.

कंपनीने या कामासाठी जेफ्री लिन या मेंदूविज्ञानाच्या डॉक्टरेट मिळवलेल्या संशोधकाला नेमले होते. त्यांच्या गटाने नोंदी तपासल्या, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ‘नेचर’ साप्ताहिकाने मार्च २०१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. सतत वाईट वागणारे खेळाडू होते शेकडा १ च्या आसपास, आणि एकूण वाईट वर्तनापैकी त्यांच्या वाट्याचे होते सुमारे शेकडा ५. उरलेले बहुतेक वाईट वर्तन सामान्य खेळाडूंचे होते, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता. म्हणजे दुष्ट माणसे शोधून हाकलून द्यायची, ही कल्पना पूर्ण यशस्वी झाली असती, तरी प्रश्नाचा फार थोडा भाग सुटला असता.

मग प्रयोगांची दिशा बदलली. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय आपोआप बंद ठेवली. हवी असेल त्याने ती चालू करायची. अपशब्द सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण एकूण बोलणे जवळपास तेवढेच राहिले. सर्वांत उपयोगी निष्कर्ष शिक्षेबाबतचा होता. नुसती शिक्षा दिली, तेव्हा सुधारणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५० च्या आसपास होते. नेमके काय बोललास म्हणून शिक्षा झाली, हे दाखवू लागल्यावर ते ६५ झाले. पुढे यंत्राच्या साहाय्याने सामना संपल्यावर काही मिनिटांतच कारणासह शिक्षा मिळू लागली, तेव्हा ते ९० च्या वर गेले. हे आकडे कंपनीने स्वतः दिलेले आहेत, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. खेळाडूंचे न्यायालय मात्र २०१४ साली बंद झाले. ते फार संथ होते. आठवड्यांनंतर आलेल्या शिक्षेचा आणि कृत्याचा संबंध खेळाडूच्या मनात उरत नसे.

पुन्हा वर्गात

या इतिहासातून शिक्षकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी, की नावे मोजू लागलो, की मोजणे हाच एक नवा खेळ होतो. चार खुनांवर थांबणारा लुटारू, खंडणी मागणारी टोळी आणि न वाचता मत देणारा न्यायाधीश यांनी नियम मोडले नव्हते. ते नियमांशी खेळत होते. म्हणून पद्धत लावून देणाऱ्याचे काम तेथे संपत नाही. नावे लिहिणाऱ्याकडेही कोणीतरी पाहत राहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी, की नोंद कृत्याची असावी. ब्रिटानियात लाल नाव आले, की त्या माणसाने काय केले हे कोणी विचारत नसे; त्याला मारायचे, एवढेच ठरलेले. अशा माणसाला पुढे चांगले वागण्याचे कारणही उरत नाही. ज्या ठिकाणी कृत्य दाखवले, लगेच दाखवले आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवली, तेथे बहुतेक जण परत आले.

बाई वर्गात परत येतात, फळ्यावर पाच नावे असतात. बाई ती वाचतात आणि पाचही जणांना उभे करतात. यापुढे एकदा असे करून पाहावे. मॉनिटरला नावाशेजारी काय घडले तेही लिहायला सांगावे, दोनच शब्दांत: ‘वही फाडली’, ‘ओरडला’. ज्याचे नाव आहे त्याला त्याची बाजू विचारावी, आणि मगच फळा पुसावा. दुसऱ्या दिवशी मॉनिटर बदलावा. आठवडाभरात फळ्यावरची नावे कशी बदलतात, याची नोंद विद्यार्थ्यांनाच ठेवू द्यावी. मोबाईलवर खेळणारी मुले आपल्या खेळातली अशी उदाहरणे आपण होऊन सांगू लागतील, आणि त्या गप्पांतून आपल्यालाही बरेच शिकायला मिळेल.